मशीन बंद करणारे मामू

मामू निम्मा वेळ झाडं कापायचं मशीन बंद करून नुसते उभे राहायचे. दोरी ओढून मशीन सुरू करायचं, बुंध्यात पट्टी चारदोन बोटं आत घालायची, की बंद. मग मान जराशी कलती करून ऐकत राहायचं. पुन्हा दोरी, पुन्हा कानठळ्या, पुन्हा शुकशुकाट. आमच्या अंगणातली बाभूळ पाडायला त्यांनी पहिल्यांदा अशी सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, मशीन नादुरुस्त आहे. आमचे हे तर ओट्यावरून उठून त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "मामू, पेट्रोल संपलंय का?" मामूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हे मुकाट्यानं परत येऊन बसले.

"ऐकून राहिलो साहेब," मामू तिथूनच म्हणाले. "मशीन बोलत असलं की दुसरं कोण बोलतंय ते कळत न्हाई."

मामू उदगीरचे. घराणं आराकशांचं, म्हणजे मोठ्या आऱ्यानं ओंडके चिरून फळ्या काढणाऱ्यांचं. आरा चालवायला दोन माणसं लागतात. एक ओंडक्यावर उभा, एक खाली. वर मामू आणि खाली त्यांचा धाकटा भाऊ बाबू. बाबू हसतमुख, बोलका आणि थोडा उतावळा. "भाईनं रेघ बघायची अन् म्या भुसा खायचा," असं तो सांगे. पुढे मामू सीमेपलीकडे कर्नाटकात एका ठेकेदाराकडे मशीन चालवायला शिकले आणि स्वतःचं मशीन घेऊन आले. मशीनला एकच माणूस पुरतो, पण हे दोघे भाऊ कामाला यायचे ते जोडीनंच. कापायचे मामू, दोर धरायचा बाबू.

मामूंना स्वतःच्या हुशारीचा मोठा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. "जिल्ह्यात असा माणूस दुसरा घावायचा न्हाई, बाई," हे वाक्य चहाच्या पहिल्या बशीबरोबर यायचंच. मी शाळेत शिकवायची म्हणून मला बाई म्हणायचे, आणि मी शिक्षिका असल्यामुळे आपलं ज्ञान मला दिलं तर वाया जाणार नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे आयुष्यात कधीही मशीनला हात न लावता झाड कसं पाडायचं हे मला पाठ आहे. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं आधी खाच घ्यायची. मग मागून कापत यायचं, पण पार कापायचं नाही. मध्ये थोडं लाकूड राखायचं. "दाराला बिजागरी असती तवा दार सरळ हालतंय. बिजागरी काढा, दार अंगावर पडतंय. झाडाचं तसंच हाय." मशीनच्या पट्टीचं टोक, त्याला ते नाक म्हणायचे, ते कशाला टेकू द्यायचं नाही. नाक टेकलं की मशीन उसळून थेट तोंडावर येतं. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही. शिडीवर चढून कापायचं नाही. जो शिडीवर चढून कापतो त्याच्याबद्दल मामू जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही.

सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे त्यांचा झाडू. झाडाला हात लावण्याआधी ते माझ्याकडे खराटा मागायचे. मग झाड जिकडे पडणार त्याच्या उलट, मागे तिरकी वाट ते स्वतः झाडून घ्यायचे. एक खडा, एक काटकी ठेवायचे नाहीत. झाड हललं की ह्या वाटेनं मागे सरायचं. "झाड पडताना बघायला लई ब्येस दिसतंय. बघत उभे ऱ्हायलेले लोक मी मोजलेले हायत, बाई. मातीत." आमची कामवाली म्हणायची, मामू येणार असले की त्या दिवशी अंगण झाडायची गरज नाही.

मामूंचा पोशाखही पाहण्यासारखा होता. लातूरच्या मे महिन्यात, रस्त्यावर कुत्रंही सावली सोडत नाही अशा उन्हात, हा माणूस जाड पँट, गुडघ्यापर्यंत बूट, हातमोजे, डोक्यावर टोप आणि तोंडापुढे जाळी असा यायचा. आमच्याकडे खोल्या घेऊन राहणारी कोचिंग क्लासची पोरं गॅलरीत जमून खिदळायची. मामू वर बघून म्हणायचे, "हसा. तुमचं पाय दोन हायत तवर हसा."

हा सगळा सरंजाम त्यांना भूकंपानंतर मिळाला होता. बाहेरदेशातून मदतीला आलेल्या लोकांनी जाताना आपलं सामान त्यांना दिलं. त्या सामानात कानांवर लावायच्या दोन वाट्याही होत्या, एका पट्टीला जोडलेल्या. मशीनच्या आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून. मामूंनी सगळं वापरलं, ह्या वाट्या मात्र कधीही नाही. त्या पेटीत तशाच पडून असायच्या. मी एकदा विचारलं, "मामू, एवढं सगळं घालता, मग कानांनीच काय घोडं मारलंय?"

बाभळीचे ओंडके पाडून झाले होते, बाबू ते हातगाड्यावर रचत होता. मामूंनी टोप काढून मांडीवर घेतला आणि मग सांगितलं.

भूकंप झाला त्या सकाळी किल्लारीकडच्या एका गावातून जीप घेऊन माणसं त्यांच्याकडे आली. त्या भागात लाकूड कापायचं मशीन मामूंकडेच. तिकडची घरं म्हणजे दगडाच्या जाड भिंती, वर सागाच्या तुळया आणि त्यावर हातभर मातीचं माळवद. ते सगळं माणसांवर बसलं होतं. एका घरात ढिगाखालून बाईचा आवाज येत होता. तिच्यावर तुळई आडवी, आणि तुळईवर माळवदाचा ढीग. तिच्या घरचे, गावचे, सगळे ओरडत होते, काप, लवकर काप. मामूंनी कानात कापूस कोंबला, तेव्हा त्यांची ती सवय होती, आणि मशीन लावलं.

"लाकडावर ओझं कुठून हाय ते बघाय पायजे होतं," मामू म्हणाले. "जिकडून दाब हाय तिकडून कापलं की पट्टी अडकती. उलट्या अंगानं कापलं की लाकूड एकदम तुटतंय. मला ठावं होतं, बाई. पर लोक बोंबलून राहिले होते. म्या घाई केली. तुळई तुटली अन् माळवद आजून खाली बसलं. मशीन बंद केलं, कापूस काढला, तवा काहीच न्हवतं. आधी आवाज होता. मशीन चालू होतं तवर ती मला सांगत असंल, थांब म्हणून. माझ्या कानात कापूस."

बाबूनं हातगाड्यावर ओंडका ठेवला, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. त्यानं हे पूर्वी ऐकलेलं असणार. मी चहा पुन्हा गरम करायला आत गेले आणि तिथेच डोळे पुसले. त्या दिवसापासून मामूंचं मशीन मध्येच बंद झालं की आमच्या घरात कोणी कुरकुर केली नाही.

पण गाव बदलत होतं. भूकंपानं पडझड झालेल्या लातुरात पाचदहा वर्षांत क्लासचं पीक असं आलं, की डाळमिलच्या मालकांपासून आमच्यासारख्या नोकरदारांपर्यंत ज्याच्याकडे चार हात मोकळी जागा, तो खोल्या बांधू लागला. नांदेड, परभणी, बीड, कुठूनकुठून पोरं ट्रंका घेऊन येत होती आणि त्यांना पाठ टेकायला जागा हवी होती. आमच्या अंगणात बाभूळ, जांभूळ, शेवगा, कडुनिंब असं सगळं होतं. ह्यांनी एकेक पाडून खोल्या वाढवल्या. मी विरोध केला असं म्हणणार नाही. दर वेळी मामू आणि बाबू यायचे, मामू खराट्यानं वाट झाडायचे. पण इतरांना असला खोळंबा नको होता. सगळ्यांना जून उजाडायच्या आत प्लॉट मोकळा हवा. तोवर मशीनं स्वस्त झाली होती आणि चपला घालून, तोंडात गुटखा ठेवून, शिडीवर उभी राहून कापणारी तरणी पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी होती. ज्या कामाला मामू अख्खा दिवस लावतील ते काम ती दुपारच्या जेवणाआधी संपवत. मामूंची कामं कमी झाली. त्यांनी मशीन बंद करून ऐकणं मात्र कमी केलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की मामूंना ऐकू येत नाही.

जांभूळ पाडायला आले तेव्हा मी मागून हाक मारली, "मामू, चहा." ते वळले नाहीत. वाटलं, कामात आहेत. जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. मशीन बंद होतं. ते नेहमीसारखे मान कलती करून ऐकत उभे होते, आणि माझी हाक त्यांच्या कानावरून तशीच निघून गेली. इतकी वर्षं उघड्या कानांनी त्या मशीनपाशी उभं राहून त्यांचे कान गेले होते. कोणाचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांनी ज्या वाट्या घातल्या नाहीत, त्या घातल्या असत्या तर आवाज ऐकू आला असता.

मी त्यांना ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखायचं तर मशीन सोडा, नाहीतर कान झाका. मामू बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर बंद खोलीत बसून तपासतेत. भाईर मला समदं ऐकू येतंय." गिऱ्हाईक समोर असलं की ते ओठांकडे बघून अंदाजानं उत्तर द्यायचे आणि बहुतेक वेळा ते जमून जायचं.

बाबूला फसवणं शक्य नव्हतं. त्यानं एकच गोष्ट केली, मशीन स्वतःकडे घेतलं. "भाई, तुमचं आता वय झालं, वर म्या चढतो, तुम्ही दोर धरा," असं काहीतरी समोर उभं राहून, सावकाश सांगून. वर चढून कापायचं तर मशीन दोरानं वर ओढून घ्यायचं, स्वतःला पट्ट्यानं खोडाशी बांधायचं आणि कमरेच्या बेतानंच कापायचं, हे सगळं तो मामूंकडूनच शिकला होता. मामूंनी फार कुरकुर केली नाही; घरात पोरीबाळी होत्या, काम चालायला हवं होतं. पण हे ऐकलं तेव्हा माझा जीवच घाबरा झाला. कारण मोठी फांदी दोरानं उतरवायची असली की दोर धरणारा माणूस पडणाऱ्या लाकडापासून लांब उभा राहतो, बऱ्याचदा आडोशाला. त्याला वरचं दिसत नाही. सगळं काम आवाजावर. वरचा 'ताण' म्हणाला की ओढायचं, 'ढील' म्हणाला की सोडायचं.

मी बाबूला फाटकाशी गाठून म्हटलं, "अरे, तुझा जीव त्यांच्या कानांवर टांगून तू वर चढतोस? दुसऱ्या कोणाला दोरावर ठेव."

"माहीत हाय बाई," बाबू म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदाच गेलेलं मी पाहिलं. "म्या हळू कापतो. दोर हालवून खूण करतो. पर भाईला दोरावरून काढलं तर भाई घरी बसतेल. अन् घरी बसले की मशीन बंद करून ऐकायला काय ऱ्हाईल त्यास्नी? तेच किल्लारीचं ऐकत बसतेल."

"मग निदान त्यांना सांग तरी, की तुला माहीत आहे म्हणून."

"मी धाकटा हाय, बाई. मी कसं सांगू?"

ह्यावर मी पुष्कळ बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी "हाव बाई, बघतो" म्हणून निघून गेला. बघणार नाही हे दोघांनाही कळत होतं. थोरल्याचा मान राखायचा म्हणून हा माणूस जीव धोक्यात घालत होता, आणि मामूंना वाटत होतं, आपलं बहिरेपण बाबूला अजून कळलेलं नाही.

आमच्या मागच्या प्लॉटवर एका नव्या क्लासची इमारत होणार होती. तिथे भलीमोठी चिंच होती आणि तिची एक जाड फांदी शेजारच्या पत्र्यांवर गेलेली. ती तशीच खाली सोडता येत नव्हती, दोरानं धरून उतरवायला हवी होती. प्लॉटवर दोर गुंडाळायला दुसरं झाड उरलं नव्हतं. आमचा मागचा कडुनिंब तेवढा शिल्लक होता. म्हणून मामू दोर भिंतीवरून आमच्याकडे घेऊन आले, निंबाच्या बुंध्याला वेढे दिले आणि टोक धरून उभे राहिले. मधे भिंत. बाबू पलीकडे, चिंचेवर.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. आणि बाबूचा आवाज आला. "ढील! भाई, ढील!"

पहिल्यांदा मला ते नेहमीच्या कामातलं ओरडणं वाटलं. लगेच पुन्हा आलं, ह्या वेळी आवाज फाटलेला. मी तशीच पिठाच्या हातांनी मागच्या दाराकडे पळाले. दारातून मला मामू दिसले, पाठमोरे. दोर इतका ताठ झाला होता, की तो हलवून खूण करणंही बाबूला शक्य नव्हतं, आणि मामूंनी सगळं अंग मागे टाकून तो घट्ट धरला होता. इतके शांत उभे होते, की क्षणभर मला वाटलं, काही झालेलंच नाही. पलीकडे बाबू ओरडतच होता. गॅलरीतली पोरं ओरडत होती. गवंडी ओरडत होते. मी "मामू, सोडा" म्हणत धावले, त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि त्याच वेळी पलीकडे लाकूड मोडल्याचा मोठा आवाज झाला. दोरानं मागे खेचून धरलेली फांदी खाली न जाता झोका घेऊन खोडावर आदळली होती. तिथे बाबू पट्ट्यानं बांधलेला होता.

मामू माझ्याकडे वळले. माझे पिठाचे हात बघून म्हणाले, "काय बाई?"

त्यानंतरचं मला फारसं सांगवत नाही. बाबूला खाली उतरवेपर्यंत तो गेला होता. रीतसर चौकशी झाली, अपघात म्हणून नोंद झाली, आणि तो अपघात होताच. उदगीरला दफन झालं. मामूंनी मशीनला पुन्हा हात लावला नाही. मागच्या प्लॉटवर उरलेली चिंच दुसऱ्याच पोरांनी आठवड्यातच संपवली. जूनमध्ये तिथे पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरूही झाले. आमचे हे म्हणाले, कडुनिंब राहू दे. मी म्हटलं, आता राहून काय?

काही महिन्यांनी मी उदगीरला मामूंकडे गेले. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मामू, मध्ये पडदा, पडद्यामागे बाबूची बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं ऐकू येत होतं. बाबूची मुलगी दाराशी अभ्यास करत बसली होती. मामू एकदम वाळले होते. बढाई गेली होती. मी मोठ्यानं विचारलेलं काही त्यांना कळत होतं, बरंच नाही. कान जवळजवळ संपले होते. लिहून द्यावं तर त्यांना वाचता येत नव्हतं. घरात वाचणारी एकटी ती मुलगी.

मग मामू माझ्याजवळ सरकले. स्वतःचा आवाज केवढा येतो हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून हळू बोलायचं ठरवून ते जवळजवळ कुजबुजले.

"बाई, तो कापून राहिला की दोर थरथरायचा. हाताला कळायचं. त्या दिशी थरथर थांबली. म्हंजे त्यानं मशीन बंद केलं. म्या म्हणलं, शाबास, माझ्यावानी ऐकून राहिला. म्हणून म्या दोर आजून घट धरला." ते थांबले. "कोण काय सांगत न्हाई मला. तुम्ही सांगा. तो ऐकून राहिला होता, का मला काय बोलून राहिला होता?"

खरं सांगायचं तर मला ओरडावं लागलं असतं. सगळ्या गल्लीनं ऐकलं असतं, पडद्यामागच्या तिनं ऐकलं असतं, दाराशी बसलेल्या मुलीनं ऐकलं असतं. आणि ओरडायची गरज नसती तरी मी ते सांगितलं नसतं. मामू माझ्या ओठांकडे बघत होते. मी आवाज न करता, ओठ सावकाश हलवून म्हटलं, "ऐकत होता."

त्यांनी ते वाचलं. तोंडावर जरा कुठे बरं वाटल्यासारखं आलं. पडद्यामागचं लाटणं चालूच होतं. मग मामूंची नजर माझ्या ओठांवरून माझ्या हातांवर आली आणि तिथेच थांबली.

"मग तुम्ही पिठाच्या हातानं माझ्याकडं पळत का आलता?" मामूंनी विचारलं.